टीम मिळाली नाही म्हणून अ‍ॅप बनवलं, पण त्यावर कुणी येत नाही

*ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी पुण्यातल्या एका हॅकेथॉनसाठी, म्हणजे एक-दोन दिवसांत सलग बसून प्रोजेक्ट उभं करायच्या स्पर्धेसाठी, आमची चौघांची टीम होती. आदल्या रात्री दोघांनी फोन उचलणं बंद केलं. मी आणि मैत्रीण दोघीच गेलो आणि अर्धवट प्रोजेक्ट दाखवून परत आलो. येताना गाडीतच ठरवलं, हॅकेथॉनसाठी टीममेट शोधून देणारं अ‍ॅप बनवायचं. पाच महिने झाले. प्रोफाइल, स्किलचे टॅग, चॅट, स्टार रेटिंग सगळं तयार आहे. ४३ जणांनी नोंदणी केली, त्यातले निम्म्याहून जास्त आमच्याच वर्गातले. पुन्हा उघडून बघणारे तीन-चार. माझ्यासोबत काम करणारा मित्र म्हणतो, एआयने मॅचिंग करू आणि प्ले स्टोअरवर टाकू, मग लोक येतील. दोन मुलींनी नको ते मेसेज येतात म्हणून अकाउंट काढून टाकलं. बाबा म्हणतात, हे सोड आणि प्लेसमेंटचा अभ्यास कर. चालू ठेवू की सोडून देऊ?*
*– टीम नसलेली*

प्रिय टीम नसलेली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू शेवटाकडे, जाता जाता लिहिलं आहेस. दोन मुलींना नको ते मेसेज आले आणि त्या निघून गेल्या. मॅचिंग, प्ले स्टोअर, प्लेसमेंट यांवर बोलूच, पण आधी हे. आज लॅपटॉप उघडशील तेव्हा कुणीही कुणालाही थेट मेसेज पाठवू शकतो ती चॅट बंद कर. फिल्टर लावत बसू नकोस, सरळ बंद कर. आणि त्या दोघींना प्रत्यक्ष भेटून सांग की तुमच्या सांगण्यावरून बंद केली.

हे मेसेज कुठून सुरू होतात ते मी जवळून पाहिलं आहे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचा, म्हणजे केंद्र सरकारच्या देशभरातल्या विद्यार्थी स्पर्धेचा, नियम तुला पाठ असेल: सहा जणांची टीम, सगळे एकाच कॉलेजचे, आणि त्यात किमान एक मुलगी. नियमाचा हेतू चांगला आहे. पण टीम निवडायची कॉलेजची अंतर्गत फेरी जवळ आली की पाच मुलगे सहाव्या नावाच्या शोधात निघतात. ‘एक मुलगी कमी पडतेय, नाव देतेस का?’ हा मेसेज वर्गातल्या प्रत्येक मुलीला तीन-तीन ठिकाणांहून येतो. तिला काय येतं हे कुणी विचारत नाही. नाव दिलं की तिच्या वाट्याला पीपीटी सजवणं येतं. मी सिंधुदुर्गातल्या कॉलेजांच्या अंतर्गत फेऱ्यांना परीक्षक म्हणून जाते, तेव्हा टीममधल्या मुलीला मुद्दाम कोडबद्दल प्रश्न विचारते. अनेकदा ती नीट उत्तर देते आणि शेजारी उभी असलेली तिचीच टीम तिच्याकडे वळून बघते. महिनाभर एकत्र असून त्यांना ते माहीत नसतं.

तुझ्या अ‍ॅपने या मेसेजांना आणखी एक दार उघडून दिलं. ते दार असं बंद करता येईल. टीमने कुणाला बोलवायचं असेल तर एकच विनंती जाईल, आणि तिच्यात एक रकाना भरल्याशिवाय ती पाठवताच येणार नाही: ‘तुझ्याकडे कोणतं काम असेल?’ समोरच्या व्यक्तीने हो म्हटलं तरच दोघांना एकमेकांचा संपर्क दिसेल. नाही म्हटलं तर कारण द्यावं लागणार नाही, आणि तीच टीम पुन्हा विनंती पाठवू शकणार नाही. प्रोफाइलवर फोटो नको, फोन नंबर नको. आपलं कार्ड, म्हणजे आपली माहिती, कुणाला दिसावं हे ज्याचं त्याने ठरवावं: सगळ्यांना, फक्त आपल्या कॉलेजला, फक्त मुलींना. तक्रारीचं बटण दाबल्यावर तक्रार एखाद्या जिवंत माणसाकडे जायला हवी. तू आणि तुमच्या विभागातल्या एखाद्या मॅडम, असं दोघींचं नाव तिथे लिही.

याच ओघात आणखी एक. तुमच्या आसपासच्या पॉलिटेक्निकमधली मुलं दहावीनंतर आलेली असतात, म्हणजे त्यांतली बरीच अठराच्या आतली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे आणि तिची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. सध्या तरी नोंदणी अठरा पूर्ण झालेल्यांपुरती ठेव, आणि जी माहिती लागत नाही ती मागूच नकोस. जन्मतारीख, घरचा पत्ता, बारावीचे मार्क हे रकाने तुझ्या फॉर्मात असतील तर काढून टाक.

आता त्या दोघांबद्दल, ज्यांनी फोन उचलला नाही. तुझं सगळं अ‍ॅप त्या रात्रीतून जन्मलं आहे, म्हणून मी माझी एक गोष्ट सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पुण्यात असताना एका हॅकेथॉनसाठी तिघांना हो म्हटलं होतं. बॅकएंड, म्हणजे पडद्यामागचा सगळा कोड, माझ्याकडे होता. आठवडाभर मी रोज रात्री बसले आणि मला ते जमत नाही हे चौथ्या दिवशी कळलं. पाचव्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. स्पर्धेच्या सकाळी फोन सायलेंटवर टाकून मी खोलीत बसून राहिले. त्या तिघांपैकी एकीशी मी पुढे सहा वर्षांनी बोलू शकले, आणि तेव्हा तिने विचारलं ते एवढंच: ‘तेव्हाच का नाही सांगितलंस? आम्ही काम वाटून घेतलं असतं.’

तुझे ते दोघे असेच होते असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण परीक्षक म्हणून फुटलेल्या टीम पाहिल्या, त्यांत आळशी मुलं कमी आणि घाबरलेली जास्त दिसली. आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणणं फार जड जातं. वाडीत, वर्गात, नात्यात सगळे ओळखीचे. ‘बघतो’, ‘येतो’, ‘करू’ म्हणायचं आणि मग गप्प बसायचं. तुझ्या अ‍ॅपला जी अडचण सोडवायची आहे ती मला इथे दिसते. कुणाला पायथॉन येतं आणि कुणाला रिअ‍ॅक्ट, हे वर्गात दोन बाकं मागे वळून विचारलं तरी कळतं. मला काय येत नाही, मी किती वेळ देऊ शकतो, मला आता जमणार नाही, हे वेळेवर आणि न लाजता सांगायला जागा कुठेच नाही. ती जागा तू करून दे. पत्रातल्या बाकीच्या प्रश्नांनाही मी इथूनच उत्तर देणार आहे.

म्हणजे प्रत्यक्षात काय? स्पर्धेच्या दहा दिवस आधी आणि तीन दिवस आधी प्रत्येकाला एक प्रश्न जावा: ‘नक्की?’ उत्तरं तीन. ‘नक्की’, ‘येतोय पण ठरलेलं काम जमत नाहीये’, आणि ‘येत नाही’. मधलं उत्तर सगळ्यात मोलाचं, ते मोठ्या अक्षरात ठेव. कुणी ‘येत नाही’ दाबलं की त्या टीमला लगेच कळावं आणि राखीव म्हणून नाव दिलेल्या मुलांची यादी समोर यावी. तुझ्याकडे त्या रात्री अशी यादी असती तर पुण्याला निघण्याआधी एखादा तिसरा मिळाला असता.

स्टार रेटिंग मात्र काढ. मोठ्या शहरात अनोळखी माणूस अनोळखी माणसाला तारे देतो, ते ठीक. एका कॉलेजात, जिथे उद्या त्याच लॅबमध्ये शेजारी बसायचं आहे, तिथे दोनच गोष्टी होतात: सगळे सगळ्यांना पाच तारे देतात, किंवा भांडण झालं की एक तारा देऊन उट्टं काढतात. आणि जो एकदा घाबरून आला नाही त्याच्या कपाळी तो एक तारा पदवीपर्यंत राहतो. ठेवायचंच असेल तर एवढंच ठेव: किती स्पर्धांना नाव दिलं, किती ठिकाणी हजर होता, आणि येणार नसल्याचं आधी कळवलं का. आधी कळवलेली गैरहजेरी गैरहजेरीत धरू नकोस.

आता लोक का येत नाहीत. टीममेटची गरज बारमाही नाही. नोंदणीच्या शेवटच्या आठवड्यात ती एकदम उसळते आणि स्पर्धा संपली की शून्यावर येते. हापूसची पेटी नोव्हेंबरात कितीही सुंदर सजवून ठेवली तरी गिऱ्हाईक येत नाही, त्यात दुकानदाराचा दोष नसतो. तुझी ४३ मुलं ज्या दिवशी आली त्या दिवशी त्यांच्यासमोर कोणतीही स्पर्धा नव्हती. त्यांनी प्रोफाइल भरलं, इकडेतिकडे बघितलं आणि बंद केलं. म्हणून कायमची प्रोफाइलं हा विचारच सोड. प्रत्येक हॅकेथॉनचा वेगळा फळा कर. स्पर्धा जाहीर झाली की फळा उघडेल, नोंदणी संपली की बंद होईल, आणि त्यावरची कार्डं पुसली जातील. फळ्यावर वीसच कार्डं असली तरी ती वीसही त्याच आठवड्यात टीम शोधणाऱ्यांची असतील, आणि तो भरलेला वाटेल.

दुसरं कारण, आधीच ओळखणाऱ्यांना तू एकमेकांची ओळख करून देते आहेस. हॅकेथॉन हा शब्द १९९९ सालचा. त्या जूनमध्ये कॅनडातल्या कॅलगरीत ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणारे दहा जण एकत्र बसले. ते एकाच प्रकल्पाचे लोक होते, त्यांना टीम शोधावी लागली नाही. अनोळखी लोकांनी एकत्र येऊन छत्तीस तासांत काहीतरी उभं करायचं, ही रीत पुढे आली आणि टीममेट शोधण्याची अडचण तिच्याबरोबर आली. तुझ्या वर्गाची अवस्था कॅलगरीसारखी आहे. त्यांना अ‍ॅप नको. ते कुणाला हवं आहे?

तुमच्याच कॉलेजात बघ. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं उशिरा येतात, तोवर वर्गातले गट पडलेले असतात. त्यांचे हात कामाला सरावलेले असतात, सर्किट जोडणं, छोटा प्रोजेक्ट पुरा करणं त्यांना येतं, पण त्यांना टीममध्ये घ्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकलची मुलं तुमच्या इमारतीत येतच नाहीत, आणि स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या हार्डवेअर गटाला तर तीच लागतात. पहिल्या वर्षाची मुलं विचारायला घाबरतात. या तिन्हींपैकी प्रत्येकी दहा जण तुझ्या फळ्यावर आले, तर ती ३० कार्डं तुझ्या ४३ प्रोफाइलांहून जड आहेत. आणि सहाच्या सहा जण एकाच कॉलेजचे हवेत हा नियम तुझ्या विरोधात नाही. कॉलेजच्या भिंतीआतच एवढी अनोळखी माणसं आहेत की पहिलं वर्ष तुला बाहेर जावंच लागणार नाही.

खुल्या हॅकेथॉनला अनेक कॉलेजांची मिळून टीम चालते, तिथे पुढच्या वर्षी जा. लोणेरे, खेडजवळचं लवेल, देवरुखजवळचं आंबव, रत्नागिरी, कणकवली: आपली कॉलेजं महामार्गाच्या कडेने एकेकटी विखुरलेली आहेत. मुंबई-पुण्यातला मुलगा संध्याकाळी कुठल्याशा मीटअपला जाऊन चार लोकांना भेटतो, तसं इथे होत नाही. त्या वेळी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातली आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठातली मुलंही फळ्यावर आण.

हे शेवटचं का सांगते? दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या अंतर्गत फेरीआधी मी सरांकडे कॅन्टीनची एक भिंत मागितली. कार्डशीटचे तुकडे, टाचण्या, एक पेन दोरीला बांधलेलं. पहिल्या दिवशी सहा कार्डं लागली, तीही मी आणि दोन मुलींनी मागे लागून लिहून घेतलेली. सगळ्यांवर कोडिंगची तीच ठरावीक नावं: ‘जावा, पायथॉन, फुल स्टॅक’. चौथ्या दिवशी एका मुलाने लिहिलं, ‘कोडिंग फार येत नाही. बाबांची होडी आहे. मासळीचा लिलाव कसा होतो आणि बर्फाचे पैसे कसे कापतात ते सगळं माहीत आहे. पहाटे चारला उठू शकतो.’ त्या एका कार्डाखाली पाच टीमनी आपली नावं लिहिली. त्यानंतर भिंतीवरची भाषाच बदलली. कुणी लिहिलं, ‘डिझाइन करते, पण मला बोलायला लावू नका.’ कुणी लिहिलं, ‘जिंकायचं नाही, शिकायचं आहे.’ आठवड्याच्या शेवटी ५२ कार्डं होती आणि त्यांतून सात टीम झाल्या. त्यांतली एक फुटली, सहा टिकल्या. त्या भिंतीला एक ओळही कोड लागलं नव्हतं.

म्हणून कार्डावर काय विचारायचं यावर तू अ‍ॅपपेक्षा जास्त वेळ घालव. स्किलचे टॅग आणि ‘दहापैकी किती’ काढून टाक. त्या जागी विचार: शेवटची कोणती गोष्ट पूर्ण केलीस, कितीही छोटी असो? या टीममध्ये कोणतं काम अंगावर घेशील? कोणतं काम नको? जिंकायला येतोयस, शिकायला, की प्रमाणपत्रासाठी? शेवटचंही खरं उत्तर आहे, त्याला कमी लेखू नकोस. प्रमाणपत्रासाठी येणारे चौघे एकत्र आले तर कुणाचंच भांडण होत नाही. जिंकायला आलेला एक आणि प्रमाणपत्राला आलेले तिघे एकत्र आले की ती टीम दुसऱ्या रात्री तुटते.

आणि कोकणातला सगळ्यात खरा प्रश्न विचार: हॉस्टेलवर राहतोस की एसटीने ये-जा करतोस, आणि तुझी शेवटची गाडी किती वाजता आहे? गावातून येणारी निम्मी मुलं सहाच्या आत स्टँडवर असतात. मुलींच्या हॉस्टेलचं दार ठरलेल्या वेळी बंद होतं. पावसात घरी नेट जातं, वीज जाते. टीममधल्या तिघांनी रात्री दहाला कॉल ठेवायचा आणि चौथीच्या वाडीत रेंजच नाही, तर तिसऱ्या दिवशी बाकीचे म्हणतात, ही काम करत नाही. ती सकाळी सातला दोन तास देऊ शकली असती. हा रकाना पुण्यात बनलेल्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये तुला सापडणार नाही. डेव्हपोस्ट या हॅकेथॉनच्या साइटवर ‘टीम शोधतोय’ अशी खूण करता येते, डेव्हफोलिओ आणि अनस्टॉपवर स्पर्धा सापडतात आणि टीम नोंदवता येते, डिस्कॉर्डच्या चॅट ग्रुपांवर तर टीम शोधणाऱ्यांच्या रांगा लागतात. त्यांच्याशी तुझी स्पर्धा नाही, कारण शेवटच्या एसटीची वेळ त्यांना ठाऊक नाही.

तुझ्या मित्राचं एआय. त्याला दुखवू नकोस, पण हे दाखव. जुळवाजुळवीचं गणित जुनं आहे. गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये दाखवलं की दोन बाजू असतील, म्हणजे विद्यार्थी आणि कॉलेजं, तर कुणाला फुटून जावंसं वाटणार नाही अशी जुळणी नेहमी काढता येते. त्या परंपरेतल्या कामासाठी रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण टीममेटच्या प्रश्नात दोन बाजू नसतात, सगळे एकाच ढिगातले. चार मुलं घे, दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. पहिल्याला दुसरा सगळ्यात जास्त हवा, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला पहिला, आणि चौथा तिघांच्याही यादीत शेवटी. कशाही जोड्या लावून बघ, चौथ्यासोबत पडलेला मुलगा दुसऱ्या जोडीतल्या एकाला घेऊन बाहेर पडू शकतो आणि ते दोघेही खूश असतात. अशी अडचण आहे की नाही हे शोधायची रीत अर्व्हिंग या संशोधकाने १९८५ मध्ये दिली. जोडीऐवजी सहा जणांचा गट असेल तर गुंता किती वाढतो ते कागदावर करून बघा दोघं. आणि एआयने शिकायचं कशावरून? तुमच्याकडे ४३ ओळी आहेत, बहुतेकांत ‘फुल स्टॅक’ लिहिलंय. पन्नास कार्डं माणूस चहा संपेपर्यंत वाचतो. वाचू दे. निवड मुलांना करू दे. अ‍ॅपने फक्त चाळणी द्यावी: हॉस्टेलवाले दाखव, हार्डवेअरवाले दाखव, शिकायला येणारे दाखव.

प्ले स्टोअरचीही घाई नको. वैयक्तिक खातं नवीन असेल तर आधी किमान १२ वापरून बघणाऱ्यांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते, शिवाय नोंदणीचे २५ डॉलर. चौदा दिवसांत तुमच्या अंतर्गत फेरीची मुदत संपलेली असेल. साधं वेब पान कर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर लिंक टाकली की उघडेल असं, हलकं, चित्रं नसलेलं, दोन काड्या रेंजवर चालणारं. मराठीत लिहिलेलं कार्डही चालेल असं कर. इंग्रजीत ‘फुल स्टॅक’ लिहिणारा मुलगा मराठीत लिहायला लागला की स्वतःबद्दल जास्त खरं लिहितो, हे मी त्या कॅन्टीनच्या भिंतीवर पाहिलं.

टीम जुळली की तुझं काम संपत नाही, एक पायरी उरते. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना कधी उभी राहिली आहेस का? होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरून येते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं ओढतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा हे आधीपासून ठरलेलं असतं, मासळी वाळूवर आल्यावर त्यावर वाद घालत कुणी बसत नाही. तुझ्या टीमचंही तसंच व्हायला हवं. विनंती स्वीकारली की अ‍ॅपने त्यांना वीस मिनिटांच्या एका कॉलची वेळ ठरवायला लावावी आणि समोर चार प्रश्न ठेवावेत. बक्षीस मिळालं तर कसं वाटायचं? स्पर्धेनंतर कोड कुणाचा, कुणी पुढे नेला तर बाकीच्यांचं नाव राहणार का? मंचावर कोण बोलणार? कुणाला मध्येच सोडावं लागलं तर त्याने काय देऊन जायचं? उत्तरं लिहून सगळ्यांना पाठवावीत, एवढंच. माझ्यासमोर एक लाखाच्या बक्षिसावरून चौघे मित्र कायमचे तुटलेले आहेत, आणि त्या चौघांत कुणीच लबाड नव्हतं. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

या सगळ्यासाठी तुला नाव सुचवायचा मोह होतो. भातलावणीला आपल्याकडे सावड घालतात: आज आम्ही तुमच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या. कुणी कुणाला पैसे देत नाही, पण कोण आलं आणि कोण आलं नाही हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ज्याला जमणार नाही तो आदल्या संध्याकाळी खळ्यात येऊन सांगून जातो. नाव तुझं तू ठरव. ती आदली संध्याकाळ मात्र अ‍ॅपमध्ये असू दे.

बाबांबद्दल. ते चुकीचं सांगत नाहीत आणि तूही चुकत नाहीस. त्यांच्याशी ‘अ‍ॅप की प्लेसमेंट’ असा वाद घालू नकोस. त्यांना सांग की येत्या अंतर्गत फेरीपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी मी यावर घालवीन, बाकी वेळ अभ्यास, आणि फेरी झाली की तुम्हाला आकडे दाखवीन. आकडा नोंदणीचा नको. फळ्यावरून जुळलेल्या टीमपैकी किती टीम सगळ्या सहा जणांसकट स्पर्धेला हजर झाल्या, तो आकडा. तीन झाल्या तरी पुढे चालू ठेव. एकही झाली नाही तर थांब, आणि मुलाखतीत हीच गोष्ट खरी खरी सांग. पाच महिने काय बनवलं, कुठे चुकलं, दोन मुलींच्या तक्रारीवरून चॅट कशी बंद केली, हे सांगणारी मुलगी मुलाखत घेणाऱ्याच्या लक्षात राहते. नोकरीत असताना मीही मुलाखती घेतल्या आहेत.

चतुर्थीच्या सुट्टीला सगळी मुलं घरी जातील आणि फेरीच्या तारखा बहुतेक तिच्या आगेमागेच येतील, म्हणून उशीर करू नकोस. या आठवड्यात तुमच्या कॉलेजच्या एसपीओसी सरांना, म्हणजे या स्पर्धेचं काम बघणाऱ्या सरांना, भेट, तारीख विचार आणि कॅन्टीनची भिंत माग. कार्डशीट, टाचण्या आणि दोरीला बांधलेलं पेन तूच घेऊन जा. पहिलं कार्ड त्या दोन मुलींपैकी कुणी लिहायला तयार असेल तर तिला लिहू दे, नसेल तर तू लिही. त्यावर तुला काय येतं ते लिही आणि त्याखाली, त्याच आकाराच्या अक्षरात, काय येत नाही ते.

तुझी,
ताई